सरकारी उद्योगांचं औद्योगिक न्यायाधिकरण (कोकण)

सरकारी कंपनी, बँक किंवा बंदर आणि तिथले कामगार यांच्यातला वाद युनियन आणि मॅनेजमेंटच्या बैठकीत मिटला नाही, लेबर ऑफिसरपुढच्या समेटातही मिटला नाही, की तो या न्यायाधिकरणाकडे येतो. बोलताना सगळे ट्रायब्युनलच म्हणतात.

पण आधी बघायचं मालक कोण. थळचा आरसीएफचा (राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स) खत कारखाना, उरणचं जेएनपीए (आधीचं जेएनपीटी) बंदर आणि गावोगावच्या राष्ट्रीयीकृत बँका केंद्राच्या, त्यांचे वाद केंद्राच्या ट्रायब्युनलकडे, आणि चिपळूण डेपोतला एसटी कंडक्टर मात्र राज्याच्या लेबर कोर्टात किंवा इंडस्ट्रियल कोर्टात. कंपनीत केंद्राचा हिस्सा 51 टक्के किंवा जास्त असेल तर ती केंद्राची, हे जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या 2010 च्या दुरुस्तीने पक्कं झालं. केंद्राची ट्रायब्युनलं महाराष्ट्रात मुंबई आणि नागपूरला, म्हणजे सावंतवाडीच्या शाखेतल्या शिपायाची तारीख पडली की रात्रीची गाडी धरायची. माझ्या मते गरीब माणूस केस हरतो तो बऱ्याचदा या हेलपाट्यांनीच.

ताकद म्हणाल तर साध्या दिवाणी कोर्टापेक्षा वेगळीच. कोर्ट करारात लिहिलंय तेवढंच बघतं, ट्रायब्युनल पगार, भत्ते, प्रमोशनच्या नव्या अटीसुद्धा घालून देऊ शकतं (सुप्रीम कोर्टाच्या आधीच्या फेडरल कोर्टाने हे 1949 मध्येच मान्य केलं). कामावरून काढलेल्याची शिक्षा जास्त वाटली तर कमी करता येते, हा अधिकार त्याच कायद्याच्या 1971 च्या दुरुस्तीतून आला आणि रोजच्या केसेसमध्ये सगळ्यात कामाचा हाच.

कंत्राटी कामगारांचा विषय जास्त किचकट. 2001 च्या सेल (स्टील अथॉरिटी ऑफ इंडिया) निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कंत्राटी पद्धत बंद झाली म्हणून कामगार आपोआप कायम होत नाहीत, पण कंत्राट नुसतं कागदावर असेल आणि काम, हजेरी, सुट्टी सगळं कंपनीच बघत असेल तर ते कामगार कंपनीचेच, आणि हे ठरवायचं ट्रायब्युनलने. म्हणून गेटपास, हजेरीचं रजिस्टर, पगाराची स्लिप जपून ठेवा असं युनियनवाले सारखे बजावतात.

आधी बहुतेक वाद सरकारने पाठवल्याशिवाय इथे येत नसत, फाईल दिल्लीत पडून राहायची. औद्योगिक संबंध संहिता, 2020 मध्ये समेट फसला की थेट अर्ज करता येतो, आणि बेंचवर एक न्यायिक आणि एक प्रशासकीय सदस्य अशी सोय आहे. काढून टाकलेल्या कामगाराला दाद मागायची मुदत मात्र तीनची दोन वर्षं झाली.

निवाड्यावर अपील नसतं, रिट (निवाडा कायद्याला धरून नाही असा अर्ज) घेऊन हायकोर्टात जातात. कामगाराला परत घ्या असा निवाडा असेल आणि मालक वर गेला तर तोपर्यंत शेवटी मिळत होता तेवढा पगार देत राहावा लागतो, फक्त कामगाराने दुसरीकडे नोकरी नाही असं ॲफिडेव्हिट द्यायचं.