मागच्या ओळीवरून पुढची ओळ

जांबोटीच्या पुढे, चोर्ला घाटाच्या रस्त्याला एका फार्महाऊसचं काम गेल्या उन्हाळ्यात चाललं होतं. चिऱ्याच्या भिंती, आणि त्यांच्यावर बाहेरून सिमेंट-फायबरच्या दहा-दहा फुटी फळ्या, खालच्या फळीवर वरची थोडी चढवून मारलेल्या. लांबून लाकडी घर वाटावं, वाळवी मात्र लागू नये, असा हिशोब. काम आमच्या मामांकडे होतं. मामा खानापूर तालुक्यातले जुने सुतार, वय सत्तरीच्या पुढे. मालकानं बाहेरून एक खोकं मागवलं होतं. त्यात अ‍ॅल्युमिनियमचे दोन आकडे निघाले, खालच्या फळीला अडकवून वरची फळी टेकवायचे. खाली चिमटा, वर छोटी फळीसारखी बैठक, बाजूला दट्ट्या. मामांनी एक आकडा उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला आणि माझ्याकडे दिला. "हा ठोकळाच की रे. ह्याला पैसे कशाला घालूलेत लोक?"

ठोकळा म्हणजे दोन ओळींतलं अंतर सारखं ठेवायचा, ठरल्या मापाचा लाकडाचा तुकडा. मामांचं म्हणणं बरंचसं खरं आहे, पण पुरतं नाही. ते कुठे खरं आणि कुठे अपुरं, हे सांगायला थोडं मागे जावं लागतं, आणि सुरुवात आपल्याकडची नव्हे, परमुलखातली आहे.

भिंतीला बाहेरून आडव्या फळ्या मारण्याची रीत थंड आणि जंगल असलेल्या देशांतली. इंग्लंडात तिला वेदरबोर्ड म्हणतात, अमेरिकेत क्लॅपबोर्ड. हा दुसरा शब्द मूळचा पिंपांच्या धंद्यातला. उत्तर जर्मनी आणि हॉलंडकडे पिंपाच्या फाळ्यांसाठी ओक फोडायचे, त्या फोडलेल्या लाकडाचं नाव पुढे घराच्या फळीला चिकटलं. करवतीनं कापलेली फळी महाग होती तोवर ओंडका पाचरीनं मध्यापासून सालीकडे फोडत. लिंबाची फोड जशी आत बारीक आणि बाहेर जाड, तशी ही फळी एका कडेला पातळ, दुसऱ्या कडेला जाड. पातळ कड वर, जाड कड खाली. वरच्या फळीची जाड कड खालच्या फळीच्या पातळ कडेवर चढते आणि पाणी आत न शिरता ओघळून जातं. आपल्या कौलांचीच गोष्ट, फक्त उभी केलेली.

मग प्रश्न येतो तो प्रत्येक ओळीत किती भाग उघडा ठेवायचा याचा. दिसायला क्षुल्लक आहे. पण संध्याकाळचं तिरपं ऊन भिंतीवर पडलं की प्रत्येक फळीच्या खालच्या कडेची सावली रेघ होऊन दिसते, आणि पंचवीस रेघांत एक रेघ दोन सूत खाली असली तर शेंबडं पोरही बोट दाखवतं. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दशमान मापांचा कायदा 1956 सालचा, आणि बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं तेही त्याच वर्षी. राज्य बदललं, वजनं-मापं बदलली, सुताराचं सूत मात्र जागचं हललं नाही. मराठी सुतार असो की कित्तूरकडचा कन्नड बडिगेर, दोघं एकमेकांना माप सांगतात ते सुतातच.)

पहिला उपाय सगळ्यात जुना आणि माझ्या मते अजूनही सगळ्यात शहाणा: खुणांची पट्टी. भिंतीच्या उंचीएवढी एक सरळ पट्टी घ्यायची, सगळ्या ओळींच्या खुणा तिच्यावर एकदाच करायच्या आणि ती पट्टी भिंतीच्या प्रत्येक कोपऱ्याला, प्रत्येक खिडकीच्या बाजूला लावून खुणा उतरवायच्या. टेप पुन्हा काढायचा नाही. यातली खरी करामत खुणा पाडण्याआधीच्या गणितात असते. समजा, खिडकीची खालची कड 33 इंचांवर येते आणि फळी 4 इंच उघडी ठेवायची आहे. आठ ओळींचे 32 इंच झाले, एक इंच उरला. ती इंचाची चिंधी खिडकीखाली लावली तर कायम डोळ्यात खुपणार. म्हणून प्रत्येक ओळ एका सुतानं वाढवायची. चार इंच एक सूत, गुणिले आठ, बरोबर 33. एक सूत कुणाच्या लक्षात येत नाही आणि फळीची कड खिडकीच्या कडेला नेमकी भिडते.

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या जुन्या घरांत तर ओळी मुद्दामच असमान सापडतात. खाली जमिनीपाशी फळी जेमतेम दोन-अडीच इंच उघडी, आणि वर जाता जाता चारपर्यंत वाढत गेलेली. पाणी उडतं ते खालीच, तिथे फळ्यांची घडी दाट हवी. हे काम पट्टीवरच जमतं. ठरावीक मापाचा ठोकळा घेऊन बसलेल्याला ते सुचणारही नाही.

ठोकळ्याचा काळ आला तो घाईबरोबर. 1830च्या दशकात शिकागोच्या बाजूला जाड वाशांऐवजी पातळ फाळ्यांची, खिळ्यांवर उभी राहणारी घरं बांधायला सुरुवात झाली. करवतीच्या गिरण्या निघाल्या होत्या, लोहारानं एकेक ठोकलेल्या खिळ्याच्या जागी यंत्रानं कापलेला खिळा आला होता, आणि शतक संपता संपता तारेचा खिळा त्याहून स्वस्त झाला. फळी स्वस्त, खिळा स्वस्त, महाग राहिला तो माणूस. लांब फळी मारायला दोघं लागतात, एक धरणार, एक ठोकणार. धरणाऱ्याची मजुरी वाचवायची हा त्या काळच्या बऱ्याच हत्यारांचा उद्देश होता, आणि फळीचा गेज त्यांतलाच एक. स्टॅनले या हत्यारांच्या अमेरिकी कंपनीच्या जुन्या यादीत 88 आणि 89 नंबरची जोडगोळी दिसते. 88 नंबरचं हत्यार कोपऱ्याच्या पट्टीला धरून फळीवर कापायची रेघ पाडायला. 89 नंबरचं आपल्या विषयाचं: त्याची पोलादी पातळ पाती आधी मारलेल्या फळीखाली सरकवायची, मूठ फिरवून हत्यार जागेवर अडकवायचं आणि पुढची फळी त्याच्या आधारावर टेकवायची. माप हवं तसं कमी-जास्त करता येई. एक हात फळीवर, दुसरा हातोडीवर, धरायला कुणी नको.

म्हणजे मामांचा ठोकळा फक्त अंतर सांगतो. हा आकडा अंतर सांगतो आणि वर फळी धरूनही ठेवतो. पैसे धरण्याचे आहेत.

आता आपल्याकडे. बेळगाव-खानापूर भागात भिंतीला बाहेरून फळ्या मारायची रीत नव्हती, आणि असण्याचं कारणही नव्हतं. भिंतीला चिरा होता, वीट होती, माती होती. सागवान होता, पण तो वाशाला, दाराला, माळ्याला. कणकुंबीच्या पावसात आणि वाळवीच्या राज्यात लाकूड बाहेर उघडं टांगणं म्हणजे पैसे पाण्यात. पश्चिमेच्या भिंतीला झड लागू नये म्हणून गवताचे किंवा बांबूचे तट्टे बांधायचे आणि दसऱ्याला सोडायचे, एवढंच. तरीही मामांनी तो आकडा पाहताक्षणी ओळखला. का, तर कौलांमुळे.

जुनी नळीची कौलं कुंभाराच्या हातची, एक लांब, एक आखूड. त्यांच्याखालच्या रिपा, म्हणजे आडव्या लाकडी पट्ट्या, थोड्या पुढेमागे झाल्या तरी चालून जाई. 1865 साली बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेनं मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि साच्यातलं चपटं कौल आलं. पुढे खानापूरच्या मातीवरही कौलं निघू लागली. ह्या कौलाला मागून नाक असतं, ते रिपेला अडकतं, आणि वरच्या-खालच्या कडांना एकमेकांत बसणाऱ्या खाचा असतात. रिपा लांब गेल्या तर खाच खाचेत बसत नाही, जवळ आल्या तर नाक अडकत नाही. कुंभाराच्या कौलानं सुताराला दिलेली सूट साच्याच्या कौलानं काढून घेतली. साधारण साडेबारा इंचांवर रीप हवी म्हणजे हवी. तेव्हापासून प्रत्येक सुताराच्या पिशवीत एक ठोकळा आला: साडेबारातून रिपेची दोन इंच रुंदी वजा करून साडेदहा इंचांचा, सागवानी, एका टोकाला बारीक पट्टी ठोकलेला, म्हणजे तो रिपेवर टेकून बसतो, घसरत नाही. खालच्या रिपेला लावायचा, वरची रीप त्याला भिडवायची, खिळा मारायचा, ठोकळा वर उचलायचा.

सारखेपणा इथेच संपत नाही. पागोळीपाशी पहिली रीप जरा जाड लावतात, कारण पहिल्या कौलाखाली त्याला उचलून धरणारं दुसरं कौल नसतं. भिंतीवरच्या फळ्यांतही सगळ्यात खाली आधी एक बारीक पट्टी मारतात, पहिल्या फळीला बाकीच्यांसारखाच कल यावा म्हणून. मामांना हे सांगावं लागलं नाही. मालकाच्या माणसानं मोबाईलवर चित्र दाखवायच्या आत पट्टी मारून झाली होती.

ठोकळ्याचा दोष मात्र मी स्वतः भोगलेला आहे. कॉलेजच्या सुट्टीत मामांच्या हाताखाली जात असे, तेव्हाची गोष्ट. एका शाळेच्या व्हरांड्याचं छप्पर. मामा एका टोकाला, मी दुसऱ्या. माझा ठोकळा कुठेतरी पडला, म्हणून मी मामांच्या ठोकळ्यावरून दुसरा आखला आणि करवत पेन्सिलच्या रेघेच्या बाहेरून चालवली. रेघेच्या आतून की बाहेरून, हा फरक किती असायचा? अर्धा सूत. मी तो मनावर घेतला नाही. सोळा रिपा झाल्या. सोळा अर्धे म्हणजे आठ सूत, आठ सूत म्हणजे इंच. मामांच्या टोकाला माथ्याची कौलं गपकन बसली, माझ्या टोकाला छप्पर एक इंच वर गेलेलं. मामा खाली उतरले, दोन्ही ठोकळे शेजारी शेजारी उभे केले, त्यावरून बोट फिरवलं आणि काही बोलले नाहीत. त्यापेक्षा दोन थपडा परवडल्या असत्या. अर्ध्या रिपा उपटून पुन्हा मारल्या.

पट्टी आणि ठोकळा यांच्यातला भेद हाच. पट्टीवरची प्रत्येक खूण पायापासून मोजलेली असते, दहावी खूण चुकली तरी अकरावी बिघडत नाही. ठोकळा मागच्या ओळीवर विश्वास टाकून पुढे जातो, मागची चूक उचलून पुढच्या ओळीला देतो. सावकाराच्या व्याजासारखी ती वाढत जाते. म्हणून जाणते लोक दोन्ही वापरतात: ओळी ठोकळ्यावर चालवायच्या आणि दर पाच-सहा ओळींनी पट्टीला किंवा लाईनदोरीला विचारायचं. आणि म्हणूनच हे नवे आकडे जोडीनं विकतात. दोन्ही एकाच मापाला लावून घ्यायचे, मग फळीची दोन टोकं दोन मतांची राहत नाहीत.

हे आकडे मधल्या काळात मागे पडले होते, आणि ते परत आले सिमेंटच्या फळीमुळे. सिमेंटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू घालून पत्रा करण्याची कृती ऑस्ट्रियाच्या लुडविग हाचेकची, पेटंट 1901 सालचं. तोच पत्रा पुढे आपल्याकडे गोठ्यापासून सिनेमा टॉकीजपर्यंत पोचला. अ‍ॅस्बेस्टॉस फुप्फुसाला मारक ठरल्यावर 1980च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या जेम्स हार्डी कंपनीनं त्याच्या जागी लाकडाच्या लगद्याचे तंतू वापरून फळ्या काढल्या. अमेरिकेत त्या खूप चालल्या. ही फळी कुजत नाही, वाळवी खात नाही, पण लाकडापेक्षा जड आणि धरायला वाईट. बारा फुटी फळी मधोमध उचलली की दोन्ही टोकं माना टाकतात, आडवी धरली तर तुटायचीही भीती. एकट्याच्या हातात ती राहत नाही. मग जुनी कल्पना नव्या धातूत आली: दोन आकडे खालच्या फळीला चिमट्यानं धरायचे, दट्ट्या दाबायचा, वरची फळी बैठकीवर ठेवायची, सव्वा इंचाची चढ आपोआप मिळते, वरच्या कडेला खिळा मारायचा. तो खिळा पुढच्या ओळीखाली झाकून जातो.

ही फळी कापताना उडणारी धूळ वाईट असते, त्यात सिलिका असते. मामांच्या पोरांनी तोंडाला पंचा बांधला होता. पंचा पुरत नाही, चांगला मास्क लागतो, हे मी दोनदा सांगितलं आणि दोनदा हसण्यावारी गेलं.

जांबोटीच्या कामावर पहिल्या दिवशी आकडे खोक्यातच राहिले. मामांनी सागवानी ठोकळा केला, दोन पोरं फळी धरायला लावली, आणि संध्याकाळपर्यंत नऊ ओळी चढल्या. दुसऱ्या दिवशी दोघांतला एक पोरगा गावच्या जत्रेला गेला. मामांनी मुकाट्यानं खोकं उघडलं. चौथ्या दिवशी पश्चिमेची अख्खी भिंत झाली होती, आणि मामा आकड्याचा दट्ट्या कसा दाबायचा ते दुसऱ्यांना शिकवत होते, जणू तो त्यांनीच काढला. खुणांची पट्टी मात्र त्यांनी पहिल्या दिवसापासून कोपऱ्याला उभी ठेवली होती, आणि दर सहाव्या ओळीला तिला जाऊन विचारत होते.

काम संपल्यावर मालकानं आपले आकडे परत नेले. मामांनी नेण्याआधी एक आकडा कागदावर ठेवून भोवतीनं पेन्सिल फिरवून घेतली होती. तो कागद घेऊन आम्ही बेळगावला उद्यमबागेत गेलो. तिथे बीड ओतणाऱ्यांपासून लेथवाल्यांपर्यंत सगळं एका गल्लीत मिळतं. एका वर्कशॉपनं आठ दिवसांत जोडी करून दिली, पोलादाची, जरा जड, पण घट्ट. बिल करायला बसलेल्या पोरानं विचारलं, "मामा, नाव काय लिहू ह्याचं?" मामांनी माझ्याकडे पाहिलं, मी मामांकडे. शेवटी त्यानं स्वतःच लिहिलं: क्लॅम्प, 2 नग.