जे. जे. वॉट की टी. जे. वॉट?

जे. जे. म्हटलं की मुंबईकराला रुग्णालय आठवतं आणि ह्यूस्टनकराला ९९ नंबरची जर्सी. अमेरिकन फुटबॉल नव्याने बघायला लागलेल्याचा गोंधळ वेगळाच असतो: पिट्सबर्गचा तो ९० नंबरवाला वॉट आणि ह्यूस्टनचा वॉट एकच का? एकच नाही, सख्खे भाऊ: ह्यूस्टनचा जे. जे. थोरला, पिट्सबर्गचा टी. जे. धाकटा. दोघेही विस्कॉन्सिनमधल्या पेवॉकीचे, दोघेही विस्कॉन्सिन विद्यापीठाकडून खेळलेले. दोघांनी सुरुवात केली टाइट एंड म्हणून, म्हणजे चेंडू झेलणाऱ्यांच्या गोटात, आणि नाव काढलं ते बचावात. डेरेक नावाचा मधला भाऊही एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये होता, पण तो फुलबॅक, आक्रमणातला. त्याच्यामुळे गोंधळ होत नाही.

दोघांची ओळख सॅकमुळे. खेळ जिथून सुरू होतो त्या रेषेच्या मागेच, चेंडू फेकायच्या आत क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्याला, आडवं केलं की तो सॅक. दोघांनी मिळून पाडला तर प्रत्येकाला अर्धा, म्हणून २०.५, २२.५ असले आकडे दिसतात. कागदावर दोघांचं काम सारखं वाटतं ते इथेच.

मैदानावर मात्र दोघांच्या जागा वेगळ्या. जे. जे. खेळत होता तेव्हा दोघांच्याही संघांची मूळ रचना ३-४ ची: पुढे तीन दांडगे, हात जमिनीला टेकून, आणि त्यांच्यामागे चार लाइनबॅकर. जे. जे. पुढच्या तिघांतला, डिफेन्सिव्ह एंड. टी. जे. मागच्या चौघांतला कडेचा, आउटसाइड लाइनबॅकर. जे. जे. साधारण १३० किलोंचा, तरी समोरचे गार्ड आणि टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकची राखण करणारे, बहुधा त्याच्याहून जड. या दोघांमधल्या फटीतून आत घुसायचं हे त्याचं खास काम. पोहताना हात वरून टाकतो तसा एक हात समोरच्याच्या खांद्यावरून टाकायचा आणि अंग तिरकं करून निसटायचं. शिवाय तो एका जागी बांधलेला नसायचा. कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी पार मधोमध. टी. जे. साधारण ११५ किलोंचा. तो बहुतेक वेळा बचावाच्या डाव्या टोकाला, टॅकलच्याही बाहेर उभा असतो आणि कोपऱ्याला वळसा घालून क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचतो. पळणाऱ्याला कडेने निसटू द्यायचं नाही, ही जबाबदारीही त्याचीच. अधूनमधून मागे सरकून पास अडवायलाही जावं लागतं. कबड्डी बघणाऱ्याला मध्यरक्षक आणि कोपरारक्षक यांच्यातला फरक आठवेल. तंतोतंत नाही, पण जवळपास तसाच.

दोन प्रसंग सांगतो, म्हणजे फरक डोळ्यांसमोर येईल. ७ जानेवारी २०१२. ह्यूस्टन टेक्सन्सचा इतिहासातला पहिलाच प्लेऑफ, म्हणजे बाद फेरीचा, सामना, सिनसिनाटीविरुद्ध. पहिला अर्धा संपत आलेला, १०-१० बरोबरी. क्वार्टरबॅक अँडी डाल्टनने चेंडू फेकला आणि अगदी जवळ उभ्या असलेल्या जे. जे.ने हात वर करून तो चक्क झेलला. २९ यार्ड पळत थेट गोलरेषेपार, टचडाउन. त्याचा तो पहिलाच मोसम होता. क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचता आलं नाही तर हात वर करायचा, ही त्याची सवय. २०१२ च्या मोसमात २०.५ सॅकसोबत त्याने १६ पास थोपवले. पुढच्या फळीतल्या माणसाचा हा आकडा बघून आजही माझा विश्वास बसत नाही.

दुसरा प्रसंग १७ ऑक्टोबर २०२१ चा, पिट्सबर्गमधला. सिअ‍ॅटलविरुद्धचा सामना जादा वेळेत गेलेला. टी. जे.ने क्वार्टरबॅक जीनो स्मिथला गाठलं आणि नुसतं पाडलं नाही, हातातला चेंडूही उडवला. टी. जे.च्या संघाने, पिट्सबर्ग स्टीलर्सने, तो ताब्यात घेतला आणि फील्ड गोल मारून सामना २३-२० असा खिशात घातला. हा टी. जे.चा खाक्या: माणूस पडला तर उत्तमच, पण डोळा चेंडूवर. त्या मोसमात १५ सामन्यांत त्याने २२.५ सॅक केले आणि एका मोसमात सर्वाधिक सॅकच्या, मायकेल स्ट्रेहनच्या २००१ मधल्या, तेव्हाच्या विक्रमाशी बरोबरी केली.

दोघांच्या वाटाही सारख्या नाहीत. जे. जे.ने सेंट्रल मिशिगनची शिष्यवृत्ती सोडली, घरी येऊन काही काळ पिझ्झा पोहोचवला आणि विस्कॉन्सिनच्या संघात शिष्यवृत्तीशिवाय घुसला. २०११ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, टेक्सन्सने त्याला ११ व्या क्रमांकावर निवडलं तेव्हा त्यांच्याच चाहत्यांनी हुर्यो उडवली होती. चार वर्षांत त्याने सर्वोत्तम बचावपटूचा किताब तीनदा घेतला: २०१२, २०१४, २०१५. मग शरीर कुरकुरायला लागलं. २०१६ मध्ये पाठीमुळे तीनच सामने, २०१७ मध्ये पाय मोडून पाच. पण त्याच २०१७ मध्ये हार्वी वादळानंतर त्याने मदतनिधी सुरू केला, उद्दिष्ट दोन लाख डॉलरचं, आणि जमले ३ कोटी ७० लाखांहून जास्त. शेवटची दोन वर्षं तो अ‍ॅरिझोनाकडून खेळला. तिथे ९९ नंबर मार्शल गोल्डबर्ग यांच्या सन्मानार्थ कायमचा राखून ठेवलेला होता. त्यांच्या कुटुंबाने होकार दिला म्हणून तो त्याला मिळाला. २०२२ च्या मोसमानंतर निवृत्त झाला तेव्हा खात्यावर ११४.५ सॅक होते.

टी. जे. २०१७ च्या ड्राफ्टमध्ये ३० व्या क्रमांकावर निवडला गेला आणि तेव्हापासून पिट्सबर्गचाच. २०२०, २०२१ आणि २०२३ अशा तीन मोसमांत लीगमध्ये सर्वाधिक सॅक त्याचेच. किताब मात्र एकदाच, २०२१ चा. २०२३ मध्ये त्याचे १९ सॅक असताना १४ सॅकवाल्या माइल्स गॅरेटला तो दिला गेला. नुसत्या सॅकवरून किताब ठरत नाही हे मान्य, तरी माझ्या मते टी. जे.वर अन्यायच झाला. त्याचं मोल किती, हे २०२२ मध्ये दिसलं: छातीच्या स्नायूच्या दुखापतीमुळे तो सात सामने बाहेर होता आणि स्टीलर्सने त्यातला एकच जिंकला.

ऐन भरात असलेला एकच वॉट निवडायचा झाला तर मी जे. जे.ला घेईन. आतून, गर्दीतून क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचणं जास्त अवघड आणि तो ते दर रविवारी करायचा.

जुनी क्लिप बघताना जर्सीचा नंबर दिसत नसेल, तर खेळ सुरू व्हायच्या आधीचा क्षण थांबवून बघा. हात जमिनीला टेकून आतल्या बाजूला वाकलेला असेल तर बहुधा थोरला. डाव्या टोकाला दोन पायांवर उभा असेल तर धाकटा.