ठिबक सिंचन अनुदान (महाराष्ट्र)

शेतात ठिबक किंवा तुषार संच बसवणाऱ्या शेतकऱ्याला खर्चाचा ठरावीक हिस्सा परत देणारी सरकारी मदत. महाराष्ट्राने हे अनुदान १९८६-८७ पासून सुरू केले. केंद्राची देशव्यापी सूक्ष्म सिंचन योजना जानेवारी २००६ मध्ये आली. पुढे नावे बदलत राहिली : २०१० मध्ये राष्ट्रीय सूक्ष्म सिंचन अभियान, २०१५-१६ पासून प्रधानमंत्री कृषी सिंचन योजनेतला ‘प्रति थेंब अधिक पीक’ हा घटक, आणि २०२२-२३ पासून तोच घटक राष्ट्रीय कृषी विकास योजनेच्या छत्राखाली. गावात या सगळ्याला ‘ठिबकची सबसिडी’ एवढेच म्हणतात.

दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या अल्प व अत्यल्प भूधारकांना मूळ योजनेतून ५५ टक्के, इतरांना ४५ टक्के अनुदान मिळते. त्यातला ६० टक्के वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा. मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून राज्य त्यावर अनुक्रमे २५ आणि ३० टक्क्यांची भर घालते, म्हणून एकूण आकडा ८० आणि ७५ टक्क्यांवर जातो. मर्यादा पाच हेक्टरची. त्याच क्षेत्रावर पुन्हा लाभ सात वर्षांनी.

टक्केवारी बिलावर नव्हे, सरकारने ठरवलेल्या हेक्टरी खर्चाच्या मापदंडावर मोजतात, आणि पुष्कळांचा हिशेब इथेच चुकतो. मापदंड लॅटरलमधल्या, म्हणजे पिकाच्या ओळींत अंथरलेल्या बारीक नळ्यांमधल्या, अंतरावर ठरतो : नळ्या जितक्या जवळ, तितका हेक्टरी खर्च जास्त. २०२१ च्या सुमारास १.२ × ०.६ मीटर अंतरासाठी (पहिला आकडा नळ्यांमधला, दुसरा नळीवरच्या ड्रिपरमधला, म्हणजे थेंब सोडणाऱ्या तोंडांमधला) तो हेक्टरी सुमारे १ लाख २७ हजार रुपये होता, १.५ × १.५ मीटरसाठी सुमारे ९७ हजार. बाजारात पाइपचे भाव चढले की वरचा फरक शेतकऱ्याच्या खिशातून जातो आणि ८० टक्के हे प्रत्यक्षात ८० राहत नाहीत.

अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर करायचा. पूर्वी लाभार्थी सोडतीने निवडत. २०२५ पासून ‘प्रथम अर्ज, प्रथम प्राधान्य’ असा क्रम आला आणि शेतकरी ओळख क्रमांकही लागू लागला. सात-बारा, आठ-अ तपासून पूर्वसंमती मिळते. त्यानंतर ३० दिवसांत अधिकृत वितरकाकडून प्रमाणित संच घेऊन बसवायचा, बिल अपलोड करायचे, मग कृषी विभागाचा माणूस शेतावर येऊन मोका तपासणी करतो. पैसे शेवटी, थेट आधारशी जोडलेल्या खात्यात. म्हणजे आधी सगळी रक्कम शेतकऱ्याने उभी करायची. निधी रखडला तर हा काळ महिन्यांत मोजावा लागतो, आणि ज्याच्याकडे आगाऊ पैसा नाही त्याला वितरकाची उधारी किंवा सावकार गाठावा लागतो. सर्वांत जास्त टक्केवारी लहान शेतकऱ्याला लिहून दिली असली तरी परताव्याच्या या पद्धतीचा जाचही त्यालाच जास्त होतो. देखभालीला अनुदान नाही. विहिरीचे पाणी क्षारयुक्त असले तर ड्रिपर बुजतात, आम्लाची प्रक्रिया वेळेवर झाली नाही तर दोन-तीन हंगामांत नळ्या बांधावर गुंडाळून पडतात.

ठिबकाचा प्रसार द्राक्ष, डाळिंब, केळी या नगदी फळपिकांत झपाट्याने झाला. उसाचे तसे नाही. राज्याच्या लागवडीखालील क्षेत्रात उसाचा वाटा थोडा, सिंचनाच्या पाण्यात मात्र फार मोठा. तरी पाटपाणी क्षेत्रावर आकारले जाते आणि स्वस्त पडते, तेव्हा नळ्यांची गरज कोणाला वाटणार? जुलै २०१७ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने उसाला ठिबक टप्प्याटप्प्याने सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला. त्यात अनुदानाऐवजी स्वस्त कर्जाचा मार्ग होता : ७.२५ टक्के व्याजापैकी ४ टक्के राज्याने, १.२५ टक्के साखर कारखान्याने आणि उरलेले २ टक्के शेतकऱ्याने भरायचे. सक्ती मोकाट पाण्याची सवय मोडू शकली नाही.

पाण्याची बचत किती, हा वादाचा मुद्दा आहे. पिकाच्या मुळाशी पाणी पोचवण्याची ठिबकाची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास, मोकाट पद्धतीची त्याच्या निम्म्याहूनही कमी धरतात. पण वाचलेले पाणी विहिरीतच राहील असे नाही. तेवढ्यात आणखी एकरभर भिजते किंवा ज्वारीच्या जागी फळबाग येते, आणि पूर्वी जमिनीत मुरून शेजारच्या विहिरीला मिळणारे पाणीही कमी होते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०१७ मधील अहवालाने अनेक देशांतल्या उदाहरणांवरून हाच इशारा दिला : उपशावर मर्यादा नसेल तर तंत्रज्ञानाने एकूण वापर घटत नाही, कित्येकदा वाढतो. महाराष्ट्रात उपशाच्या नियमनासाठी भूजल अधिनियम, २००९ हा वेगळा कायदा आहे. ठिबकाच्या अनुदानात मात्र नळीचा दर्जा, अंतर, क्षेत्र सगळे तपासले जाते, उपसा तपासला जात नाही.