स्टेअरिंगच्या डब्यावरचा स्क्रू

कात्रजच्या जुन्या घाटातून येताना मित्राची जिप्सी सरळ रस्त्यावरही डोलत होती. "स्टेअरिंगला प्ले आलाय, म्हणजे ढिलेपणा. डब्यावरचा स्क्रू आवळला की झालं," तो म्हणाला. हे ज्ञान मोबाइलवरच्या दोन मिनिटांच्या व्हिडिओतलं. स्क्रू असतो, हे खरं. पण गाडी कशी उभी असताना तो फिरवायचा, हे व्हिडिओवाले गाळतात.

स्टेअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणाऱ्या या डब्याच्या आत मला फार आवडणारी करामत आहे. स्टेअरिंगच्या दांड्याला वर्म, म्हणजे जाड आट्यांचा स्क्रू असतो. त्यावर नट सरकतो, पण आट्याला आटा घासत नाही. मधल्या खोबणीत पोलादी छर्रे लोळतात आणि टोकाला पोचले की नळीतून परत फिरतात. नटाच्या बाहेरचे दात सेक्टर शाफ्टच्या, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दांड्याच्या, दातांत बसतात. गाडी बहुतेक वेळ सरळच जाते, म्हणून मधले दात आधी झिजतात. म्हणूनच मुळात मध्यावर फट जवळपास शून्य आणि कडेला थोडी जास्त ठेवलेली असते. दात निमुळते असतात. वरचा स्क्रू शाफ्टला अक्षाच्या दिशेने ढकलतो आणि दात आणखी खोल रुततात. चाकं वळलेली असताना कडेची फट बुजवलीत, तर मध्यावर येताना दात जाम होणार. वळणानंतर आपोआप सरळ होणारं स्टेअरिंग मग तसंच वाकडं राहतं.

म्हणून चाकं अगदी सरळ हवीत. स्क्रूला जागेवर धरणारा लॉक नट सैल करून स्क्रू एका वेळी एक अष्टमांश फेराच फिरवा, तो धरून ठेवून नट आवळा, मग स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा. कुठेही जड लागलं तर लगेच मागे घ्या. पुढची चाकं उचलायची असतील तर मागच्या चाकांना दगड लावा आणि गाडी स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणी जाऊ नये. बंपरला टांगलेली लिंबू-मिरची जॅक धरून ठेवत नाही.

आजच्या बहुतेक मोटारींत अशा डब्याऐवजी रॅक-पिनियन ही वेगळी रचना असते, तिथे हा स्क्रू शोधूच नका.

मित्राला आधी स्टेअरिंग थोडं डावी-उजवी हलवायला सांगून मी खाली वाकून पाहिलं. डब्यातून निघालेला दांडा लगेच हलत होता, चाक मात्र उशिरा. चाकाला वळवणाऱ्या टाय रॉडचा बॉल जॉइंट, म्हणजे गोळ्याचा सांधा, गेला होता. नाना पेठेतून नवा आणला, गॅरेजमध्ये बसवून अलाइनमेंट करून घेतली. डब्याला पाना लागलाच नाही.