पालेकर एकच, घराणी दोन : ‘गोलमाल’ आणि ‘बातों बातों में’

‘गोलमाल’ बासू चॅटर्जींचा आणि ‘छोटी सी बात’ हृषीकेश मुखर्जींचा, असं छातीठोकपणे सांगणारे लोक मला कायम भेटतात. खरं आहे ते नेमकं उलट, पण घोटाळा होणं स्वाभाविक आहे. ‘गोलमाल’ आणि बासूदांचा ‘बातों बातों में’ हे दोन्ही १९७९चे. दोन्हींत नायक अमोल पालेकर, दोन्हींत मुंबईतली नोकरी करणारी माणसं. इतकंच काय, दोन्हींत गोष्टीला पहिला धक्का देणारे वडीलधारे गृहस्थ म्हणजे डेव्हिडच! त्यामुळे ‘जुन्या काळचे ते साधे, गोड सिनेमे’ म्हणून आपण दोघांना एकाच डब्यात भरतो. पण दोघांची घराणी वेगळी.

‘गोलमाल’ हा फार्स आहे, आणि काय फार्स आहे! मालक भवानीशंकरांना नोकरीसाठी मिशीवाला, खेळाची आवड नसलेला, संस्कारी तरुण हवा, म्हणून रामप्रसाद (पालेकर) तसा होतो. हॉकीच्या सामन्याला पकडला गेल्यावर मिशी नसलेला जुळा भाऊ जन्माला घालतो. मग आईही खोटी आणावी लागते. एका थापेला सावरायला दुसरी थाप. मालकांची मुलगी उर्मिला, तिचं प्रेम या गडबडीत एका कडेला चालू असतं. रामप्रसादनं सुरुवातीलाच खरं सांगून टाकलं असतं, तर सिनेमा तिथंच संपला असता.

‘बातों बातों में’मध्ये संपवून टाकता येईल असं खोटं कुठेच नाही. वांद्र्याहून चर्चगेटला जाणाऱ्या लोकलमध्ये अंकल टॉम (डेव्हिड) टोनी (पालेकर) आणि नॅन्सीची ओळख करून देतात. दोघं एकमेकांना आवडतात. खलनायक नाही, गैरसमजाची चिठ्ठी नाही. अडचण कसली? टोनीचा पगार नॅन्सीपेक्षा कमी. तिच्या आईला, रोझीला, लेकीचं लग्न लवकर उरकायचंय. नॅन्सी आधी एकदा प्रेमात पोळलेली. आणि टोनीचं लग्नाबाबत काही ठरत नाही. अशी अडचण आपल्या ओळखीच्या चार घरांत तरी सापडेल, आणि म्हणूनच इथलं हसू वेगळं येतं. रामप्रसादला बघताना ‘आता हा पकडला जाणार’ म्हणून आपण हसतो. टोनीला बघताना आपलाच एखादा चुलतभाऊ आठवतो. रोझीची घाईसुद्धा मला कधी खलनायकी वाटली नाही. पर्ल पदमसींनी तिच्या प्रत्येक टोमण्यात काळजी ठेवली आहे.

हा फरक मला दोन्ही दिग्दर्शकांच्या पूर्वायुष्यातही दिसतो. हृषीदा मूळचे संकलक, बिमल रॉय यांच्या हाताखाली तयार झालेले. कुठला प्रसंग कुठे आणून आदळवला की धमाल उडेल, हे त्यांना अचूक कळायचं. बासूदा ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकात व्यंगचित्रकार होते. बसच्या रांगेत, ऑफिसच्या टेबलाशी माणूस कसा अवघडतो, हे त्यांनी टिपलेलं. त्यांच्या सिनेमांत बसस्टॉप आणि लोकल या नुसत्या जागा नसतात. प्रेम करायला माणसांना तेवढाच वेळ आणि तेवढीच जागा असते.

जागेवरून एक मराठी धागा सांगायलाच हवा. बासूदांचा ‘पिया का घर’ (१९७२) हा राजा ठाकूर यांच्या ‘मुंबईचा जावई’वरून (१९७०) केलेला. हो, ‘प्रथम तुज पाहता’ ज्यात आहे तोच. नवं लग्न, भरलेलं घर आणि दोघांना एकांत नाही, एवढीच गोष्ट. मुंबईतल्या लहान खोलीत संसार केलेल्या कुणालाही ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

मला विचाराल तर ‘गोलमाल’ घरात पाहुणे जमले की लावावा. चार माणसांच्या हशात तो दुप्पट रंगतो. आणि पालेकरांना त्या वर्षी अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळालं ते उगाच नाही. ‘बातों बातों में’ मात्र एखाद्या रविवारी दुपारी, दोघांनीच बसून बघा. पहिला अर्धा तास काहीच घडत नाहीये असं वाटेल. तरी उठू नका. त्या लोकलमधल्या गप्पांमध्येच नॅन्सी टोनीवर विश्वास ठेवायला शिकत असते, आणि पुढे टोनी डळमळतो तेव्हा तिला नेमकं काय बोचतं हे त्याशिवाय कळणार नाही.