शोधनिबंधाचा डेटा सर्वांसाठी खुला कसा करायचा : पात्रता, कागदपत्रं आणि प्रक्रिया

नाशिकमधल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी काम करते. आमची एक पीएचडीची विद्यार्थिनी द्राक्षाच्या देठ परीक्षणावर अभ्यास करत होती. तिच्या विषयाला अगदी जवळचा एक निबंध सापडला. पण पुरवणीतले तक्ते पीडीएफमध्ये, तेही फक्त सरासरीचे आकडे, आणि खाली ओळ : ‘मूळ डेटा मागणी केल्यास लेखकाकडून मिळेल.’ तिने तीन मेल केले. दोन मेलना उत्तर आलं नाही, तिसरा परत आला, कारण लेखकाने ती संस्था सोडली होती. मग एका छाटणीचा अख्खा हंगाम तेच पुन्हा मोजण्यात गेला.

म्हणून सगळ्यांना एकच सांगते : निबंध नियतकालिकाकडे पाठवायच्या आधीच डेटा खुल्या भांडारात, म्हणजे कोणालाही तो उतरवून घेता येईल अशा वेबसाइटवर, ठेवा. नियतकालिकाच्या पुरवणी फाईलवर विसंबू नका. तिला बरेचदा स्वतःचा डीओआय, म्हणजे निबंधाला किंवा डेटाला इंटरनेटवर मिळणारा कायमचा ओळख क्रमांक, नसतो, आणि ती वापरायची परवानगी आहे की नाही हेही कुठे लिहिलेलं नसतं.

कोण ठेवू शकतं? कोणीही. युरोपातल्या सर्न या संस्थेचं झेनोडो हे भांडार २०१३पासून चालू आहे. त्यासाठी प्राध्यापक असावं लागत नाही की संस्थेचं पत्र लागत नाही. एका नोंदीत ५० जीबीपर्यंत डेटा मोफत ठेवता येतो आणि डीओआयही मोफत मिळतो. ड्रायड या दुसऱ्या भांडारात फाईल तपासून घेतात, पण शुल्क असतं. जनुकीय अनुक्रमांसारखा जैविक डेटा असेल तर फरिदाबादचं इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर बघा. अट एकच, डेटा तुमचा हवा. दुसऱ्या खात्याकडून किंवा कंपनीकडून घेतलेला डेटा त्यांच्या लेखी परवानगीशिवाय टाकू नका.

कागदपत्रं. आधी ओआरसीआयडी काढा. हा संशोधकाचा १६ अंकी क्रमांक मोफत आणि काही मिनिटांत मिळतो. मग सर्व सहलेखकांची संमती घ्या, मेलवरची चालते. प्रकल्पाला अनुदान असेल तर मंजुरीपत्रातल्या डेटाविषयीच्या अटी वाचून ठेवा. माणसांवरचा अभ्यास असेल, म्हणजे आरोग्य विज्ञान शाखांमधलं बरंचसं काम, तर नैतिकता समितीचं मंजुरीपत्र हवं आणि सहभागींच्या संमतीपत्रात ‘नाव न देता माहिती इतर संशोधकांना दिली जाईल’ अशा अर्थाचं वाक्य हवं. हे वाक्य नंतर घालता येत नाही. अभ्यास सुरू व्हायच्या आधीच ते लिहून घ्या. सह्या केलेली संमतीपत्रं मात्र स्वतःकडेच ठेवायची. ती स्कॅन करून भांडारात टाकणारे भेटले आहेत मला.

फाईल तयार करणं. खरा वेळ इथे जातो. त्या विद्यार्थिनीने स्वतःचा डेटा दिला तेव्हा आम्ही दोघी एक्सेल उघडून बसलो. नमुना क्रमांकाच्या रकान्यात तिने ‘५-२’ असं टाकलं होतं, म्हणजे पाचव्या बागेतला दुसरा नमुना. एक्सेलने त्याचं ५ फेब्रुवारी करून टाकलं होतं. अशा तीसेक ओळी निघाल्या. जगभर हेच होतं. सेप्ट २, मार्च १ अशा नावांच्या जनुकांच्या एक्सेलने तारखा केल्या. निबंधांच्या पुरवणी फाईलींमध्ये या चुका इतक्या सापडल्या, की २०२०मध्ये त्या जनुकांची नावंच बदलली गेली. तेव्हा आकडे भरायच्या आधी रकाना ‘टेक्स्ट’ करा. शेवटी फाईल ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ या साध्या मजकुराच्या प्रकारात जतन करा, नाहीतर गावांच्या मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतील.

दुसरी गोष्ट ओळख लपवण्याची. तिच्या फाईलमध्ये शेतकऱ्याचं नाव नव्हतं, पण गाव आणि गट नंबर होता. गट नंबरावरून सातबारा कोणीही ऑनलाइन बघतो, आणि त्यावर नाव असतं. आम्ही गट नंबर काढला, गावाऐवजी तालुका ठेवला आणि जीपीएसचे आकडे दशांशानंतर दोन स्थळांपर्यंत आणले. त्याने साधारण एक किलोमीटरचा परिसर कळतो, बाग कळत नाही. रुग्णांच्या बाबतीत केसपेपर नंबर आणि जन्मतारीख काढाच. आजार दुर्मीळ असेल तर वय आणि गाव एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो.

सोबत ‘रीडमी’ नावाची साधी मजकूर फाईल द्या. प्रत्येक रकान्याचा अर्थ, एकक, मोजणी कधी आणि कोणत्या पद्धतीने केली, रिकामी जागा म्हणजे शून्य की ‘मोजलं नाही’, एवढं त्यात हवंच.

अर्ज. झेनोडोवर ओआरसीआयडीने लॉगिन करा, नवीन अपलोड उघडा, प्रकार ‘डेटासेट’ निवडा आणि डीओआय आधीच राखून ठेवा. परवाना म्हणजे डेटा कोणत्या अटीवर वापरता येईल ते. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या तयार परवान्यांपैकी सीसी बाय घेतला तर वापरणाऱ्याला तुमचा उल्लेख करावा लागतो. सीसी झिरोमध्ये ती अट नसते. मसुदा जतन करा, राखून ठेवलेला डीओआय निबंधात लिहा आणि मग निबंध पाठवा. डीओआय चालू होतो तो नोंद प्रकाशित केल्यावर. प्रकाशित झाल्यावर फाईल बदलायची तर नवी आवृत्ती काढावी लागते, म्हणून बटण दाबायच्या आधी सहलेखकाला एकदा फाईल उघडून बघायला सांगा.

निबंधातलं निवेदन. ‘या अभ्यासाचा संपूर्ण डेटा झेनोडोवर अमुक डीओआयखाली, सीसी बाय परवान्याने उपलब्ध आहे.’ एवढं पुरतं. ‘मागितल्यास देऊ’ असं लिहू नका. प्लॉस या प्रकाशनसंस्थेची नियतकालिकं मार्च २०१४पासून डेटा कुठे आहे याचं निवेदन मागतात, आणि नुसतं लेखकाला विचारा म्हटलेलं त्यांना चालत नाही. रुग्णांचा डेटा खुला करता येत नसेल तर कारण लिहा, आणि संपर्कासाठी नैतिकता समितीचा पत्ता द्या, स्वतःचा एकट्याचा नको.

निबंध छापून आला की झेनोडोच्या नोंदीत परत जा आणि ‘संबंधित काम’ या रकान्यात निबंधाचा डीओआय भरा. हे राहून गेलं तर डेटा सापडलेल्याला निबंध सापडत नाही.