मोट, चरखी आणि डवरा : साध्या यंत्रांची पार्श्वभूमी

तरफ, कप्पी, पाचर, स्क्रू आणि चाक-आस ही साध्या यंत्रांची यादी अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने इसवी सनाच्या पहिल्या शतकात मांडली. उतरण तिच्यात पुढे युरोपच्या प्रबोधनकाळात आली. यंत्राने जोर कमी लागतो, पण तेवढेच अंतर वाढते आणि एकूण काम वाचत नाही, हे १६०० च्या सुमारास गॅलिलिओने उलगडून सांगितले. शाळेत कप्पी शिकवताना नेमका हा दुसरा भाग सुटतो. विदर्भात तो समजावायला जुन्या विहिरीवरची मोट पुरेशी आहे.

डिझेल इंजिन आणि विजेचे पंप येईपर्यंत संत्र्याच्या बागा नि भाजीचे मळे मोटेवर भिजत. चामड्याच्या मोटेत दीड-दोनशे लिटर पाणी मावे. विहिरीच्या काठावर खांबांत बसवलेले लाकडी चाक, त्यावरून जाड नाडा थेट बैलजोडीच्या जुवाला. ही कप्पी स्थिर असल्याने जोर कमी करत नाही, फक्त दिशा बदलते. पाणी ३० फूट खोल असेल तर बैलही ३० फूटच चालणार. म्हणून धावेची, म्हणजे बैल चालतात त्या उतरत्या वाटेची, लांबी पाण्याच्या खोलीवरून ठरे. खरी मदत होते ती धावेच्या उताराची. ४ फुटांना १ फूट उतार धरला, तर ६०० किलोच्या जोडीच्या वजनापैकी सुमारे १४५ किलो ओढीला लागते. मोटेत १६० लिटर पाणी असेल तर बहुतेक भार तिथेच निघाला. बैल मागे सरत धाव चढतात तेव्हा ती उधारी फिटते, पण त्या वेळी मोट रिकामी असते. जड काम असे दोन फेऱ्यांत वाटून देणाऱ्या कारागिरांना गणित पक्के ठाऊक होते, असेच म्हणावे लागेल.

मोटेच्या सोंडेला, म्हणजे पाणी ओतणाऱ्या नळीला, बारीक दोर बांधतात, तो सोंदूर. तो खालच्या आडव्या रुळावरून येतो आणि सोंडेचे तोंड मोटेतल्या पाण्याच्या वर धरून ठेवतो. वर आल्यावर सोंड रुळावरून थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या हौदात, ओढली जाते आणि मोट आपोआप रिकामी होते. सोंदूर ढिला राहिला तर तोंड खाली येते आणि निम्मे पाणी वाटेतच विहिरीत सांडते. चाकाची आस कोरडी पडली तर बैल दमतात आणि नाडाही लवकर झिजतो.

सरकी काढायच्या चरखीत दोन रूळ असत. पुष्कळ चरख्यांत त्यांच्या टोकांना मळसूत्री आटे कोरलेले असत, त्यामुळे एकाच दांड्याने दोन्ही रूळ उलटसुलट फिरत. रुई पलीकडे ओढली जाई, सरकी अलीकडे पडे. फट जास्त झाली की सरकी आत शिरून फुटते. कापूस दमट असला की रुळाला गुंडाळतो. १८६७ मध्ये रेल्वे बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचली, पुढे वाफेवर सरकी काढणारे कारखाने, म्हणजे जिनिंग, उभे राहिले आणि हातचरखी मागे पडली. आजच्या डबल रोलर जिनमध्येही रुई रूळच ओढतो.

सायकल डवऱ्यात, म्हणजे हाताने ढकलायच्या चाकाच्या कोळप्यात, चाक आणि पाचर एकत्र येतात. चाकामुळे घासण कमी होते, धारदार पास, म्हणजे त्याचे पाते, माती कापते. बोथट पास माती नुसती ढकलते. मूठ फार उंच बसवली तर बराच जोर खाली जाऊन पास रुतते, फार खाली बसवली तर कंबर धरते. ती कमरेच्या किंचित वर, ढकलणाऱ्याच्या उंचीप्रमाणे बोल्टने खालीवर करता येईल अशी बसवून घ्यावी.